जेवण कुणातर्फे?

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात असताना खडेबाजारातल्या एका कापडवाल्याशी मी वारभर कापडावरून अशी भांडले होते की पुढं दोन वर्षं माझ्या मैत्रिणी त्या दुकानावरून जाताना तोंडावर पदर घ्यायच्या. त्यामुळं निपाणीत परत आल्यावर आप्पाण्णा शेटनी आमच्या शाळेचा पैसा निवडणुकीत उडवायला काढला, तेव्हा माझं डोकं फिरलं यात नवल काही नाही. नवल पुढं झालं, आणि ते माझ्या रागानं झालं नाही.

शाळा म्हणजे तरी काय होती! जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, ओवरीत एकोणीस मुली, एक तडा गेलेला फळा आणि मी. पैसा मात्र होता. तंबाखूच्या पेठेत शेतकऱ्याचा माल विकला की त्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, शंभर रुपयांमागं दोन आणे धर्मादाय म्हणून कापून घेत. गेली सहा वर्षं हा धर्मादाय 'कन्याशाळेसाठी' या नावानं कापला जात होता. तो जमायचा पेठेतले मोठे व्यापारी आप्पाण्णा शेट यांच्याकडं. फंडाचे पंच दोन, एक शेट आणि दुसरा शेटचा मेव्हणा. फंडात किती जमलं हे त्या दोघांना आणि जिनदेवाला ठाऊक. मला पहिले दोन महिने पगार मिळाला, मग तोही बंद झाला.

त्या वर्षी शेट म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पंचांचा निरोप आला : सोमवारपासून ओवरी रिकामी करा, गावजेवणाची भांडी ठेवायची आहेत.

म्हणजे शाळा बंद. निवडणुकीनंतर बघू, असं मेव्हणा म्हणाला, पण मुली एकदा घरी बसल्या की पुन्हा येत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. ब्राह्मी म्हणून माझी एक दहा वर्षांची विद्यार्थिनी होती, त्रैराशिक तोंडी सोडवायची. तिच्यासाठी बोरगावचं स्थळ येऊन गेलं होतं. शाळा आहे म्हणून बाप थांबला होता.

मी तडक शेटच्या पेढीवर गेले.

"शेट, सहा वर्षांचा फंड झाला किती?"

"तुला गं कशाला पंचाईत?"

"शाळा त्या पैशाची आहे. आणि ती मी चालवते."

शेट हसले. वाईट हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. "पोरीस्नी आकडं शिकीव, प्रेमला. माझं आकडं मला येत्यात."

घरी येऊन मी तांब्या आपटला. चंपाआत्या तांदूळ निवडत होती. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझ्या लहानपणापासून मला सांभाळणारी. विधवा, अक्षरशत्रू, पण घर तिच्या स्वतःच्या नावावर, त्याची घरपट्टी भरायची, म्हणून तिला मत होतं. दिवसातून एकदाच जेवायची, तेही दिवस मावळायच्या आत. तिचा नियम एकदा झाला की झाला. माझ्या हातात गावजेवणाचा छापील कागद होता, तो तिनं वाचायला सांगितला.

मी वाचला. "'कन्याशाळा धर्मादाय फंडातर्फे समस्त गावकऱ्यांस रविवारी दुपारी तीन वाजता गावजेवण. निमंत्रक, आप्पाण्णा शेट.'"

"तर्फे म्हंजे काय गं?"

"म्हणजे त्यांच्याकडून. त्यांच्या खर्चानं."

"म्हंजे शेटचं जेवण न्हाय."

"नाही! तिथंच तर त्यांची अक्कल आहे."

अक्कल खरोखरच होती. शेटच्या विरुद्ध मारुतीराव वकील उभे होते, आणि त्यांनी पेठेत सांगून ठेवलं होतं की उमेदवारानं मतदारांना जेवण घातलं तर ती लाच, निवडून आला तरी मी निवडणूक रद्द करून घेतो. म्हणून शेटनी जेवण फंडाच्या नावावर टाकलं. वाहवा शेटची होणार होती, खर्च पोरींच्या शाळेचा. खिशालाही चाट नाही आणि वकिलाच्या हाताला पुरावाही नाही.

"परत वाच," आत्या म्हणाली. मी परत वाचला. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावला, आणि मग माझा आवाज चढला.

"वरडू नगंस," ती सूप बाजूला ठेवत म्हणाली. "रविवारी मी जेवायला जातो."

आमच्याकडं बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात; बेळगावात मला त्यावरून हसत असत. पण त्या दिवशी मला तिच्या 'जातो'चा नाही, जेवायला जाण्याचा धक्का बसला.

"आत्या, त्या खिरीत माझ्या एकोणीस पोरी शिजणार आहेत!"

"तूबी चल. पर तोंड मिटून बसायचं. जमंल?"

मला ते जमत नाही हे अख्ख्या निपाणीला माहीत होतं. तरी गेले.

शेटच्या वखारीपुढच्या पटांगणात पाचशे पानं मांडली होती. पुरुषांच्या पंगती एकीकडं, बायकांच्या दुसरीकडं. खपली गव्हाची खीर, वरणभात, वर तुपाची धार. शामू आचाऱ्याच्या खिरीचा वास पार स्टँडपर्यंत गेला असेल. जेवण तीनचं होतं, पण शेट भाषणाला उभे राहिले आणि पाच वाजले. अर्ध्या पंगती आम्हा जैनांच्या. दिवस बुडाल्यावर आम्ही पाण्यालाही शिवत नाही, हे शेटना कुणी सांगायला नको होतं. पण समोर पाचशे माणसं बसली की भल्याभल्यांना घड्याळ दिसत नाही.

अखेर वाढून झालं. पंगतीचा रिवाज असा की यजमानानं हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं आणि मगच पहिला घास उचलायचा. शेट मधोमध आले, हात जोडले, तोंड उघडलं.

"आप्पाण्णा, थांब जरा," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. "जेवण कुणाचं हाय रं?"

"आपलंच की, आक्का. गावाचं."

"कागदात फंडातर्फे लिवलंय. तीनदा वाचून घेतलं मी."

"व्हय, फंडाचंच."

"फंड धर्माचा. धर्माला दिल्यालं परत आपुन खायाचं म्हंजे निर्माल्य. मी न्हाय खात बाबा."

एवढं बोलून तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. उठली नाही, ओरडली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाधर्माला एकदा वाहिलं ते निर्माल्य, आणि ते पोटात घालणं हे आमच्यात चोरीहून मोठं पाप. बायकांच्या पंगतीत एकेक हात पानावरून मांडीवर आला. मग पुरुषांच्या. चिकोडीकडचे कानडी पाहुणे "एनु? एनु?" करत होते, त्यांना शेजाऱ्यानं सांगितलं आणि प्रश्न दोन्ही भाषांत पंगतीच्या टोकापर्यंत गेला : "जेवण कुणाचं?" "ऊट यारदु?"

आता राहिले बाकीचे शेतकरी. त्यांना निर्माल्याची एवढी धास्ती नव्हती. पण त्यांच्यातला ज्योतिबा, दरसाल शेटलाच तंबाखू घालणारा, खणखणीत आवाजात म्हणाला, "शेट, फंड माझ्या पट्टीतनं कापल्याला. म्हंजी ही खीर माझीच की! मग यजमान मी. मीच म्हणू काय सावकाश होऊ द्या?"

असा हशा पिकला की शामूच्या हातातला डाव खाली पडला.

शेटनी हात वर केले. "बरं बरं! माझंच जेवण समजा, झालं?"

फाटकाशी मारुतीराव वकील उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेट, जरा मोठ्यानं. इकडं ऐकू आलं नाही."

शेटनी वर केलेले हात खाली घेतले. फंडाचं म्हणावं तर पंगत जेवत नाही, माझं म्हणावं तर निवडणूक जाते. आपणच छापलेल्या एका शब्दात तो माणूस दोन्हीकडून अडकला होता. मी जीभ दातांखाली धरून बसले होते. आनंदानं माझे कान गरम झाले होते, खोटं कशाला सांगू!

ऊन चिंचेच्या शेंड्याला गेलं. "शेट, खीर घट व्हाय लागली," शामू कळवळून म्हणाला. शेटनी बायकोकडं पाहिलं. जयाबाई आमच्याच पंगतीत, माझ्यापासून चौथ्या पानावर बसली होती. तिनं मान खाली घातली आणि तिचेही हात मांडीवर गेले.

मला वाटतं, शेट तिथं हरले. किंवा जिंकले म्हणा. कारण व्यापारी माणूस खुर्ची गमावून जगू शकतो; आपल्या दारातून पाचशे माणसं भरली पानं टाकून उठली, हे ऐकत जगू शकत नाही.

"जेवण माझं!" ते ओरडले. "माझ्या खिशातलं, पै न पै! वकील, काय लिवायचं त्ये लिवून घ्या!"

"आणि फंड?" आत्यानं विचारलं.

"फंडाचं फंडाला. अठराशे रुपये हायत."

अठराशे! सहा वर्षांत हा आकडा गावानं पहिल्यांदा ऐकला. पंगतीत कुजबूज उठली, ज्योतिबा बोटांवर हिशेब करायला लागला.

"उद्या देतो, आक्का."

"पैसं उद्या दे. किल्ली आत्ता दे."

"कसली किल्ली?"

"मागल्या वखारीची. रिकामीच हाय. पोरी बसतील." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हं, आता उघड तोंड. लिव, आणि समद्यास्नी ऐकू जाईल असं वाच."

मी त्याच छापील कागदाच्या पाठीवर लिहिलं : फंडाची रक्कम अठराशे, ती उद्या परत, वखार शाळेला, आणि फंडात काय आलं, काय गेलं ते दर महिन्याला बाजाराच्या दिवशी पेठेत वाचून दाखवायचं. हे शेवटचं कलम ज्योतिबानं घालायला लावलं. शेटनी सही केली आणि वखारीची किल्ली आत्याच्या हातात ठेवली. साक्षीला ज्योतिबाचा अंगठा आणि मारुतीरावांची लफ्फेदार सही. मग मी ते वाचलं. माझा आवाज मोठा आहे म्हणून आजवर बोलणी खाल्ली होती; त्या दिवशी शेवटच्या पानापर्यंत एकेक अक्षर गेलं.

शेटनी घाम पुसून हात जोडले. "सावकाश होऊ द्या."

"सावकाश कुठलं, शेट! दिवस बुडतोय!" कुणीतरी ओरडलं आणि पाचशे हात एकदम पानावर पडले.

शेट स्वतः खिरीचं भांडं घेऊन वाढायला निघाले. आत्याच्या पानापाशी येऊन थबकले. "आक्का, वाढू?"

"वाढ बाबा. आता तुझं हाय."

तिनं दोनदा खीर घेतली. मी रडत रडत तीनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी अठराशे रुपये आले आणि शेटनी उमेदवारीही मागं घेतली. मारुतीराव बिनविरोध निवडून आले, आणि ते आपल्या हुशारीनं आलो असं मरेपर्यंत सांगत राहिले. सांगोत बिचारे. बाजाराच्या दिवशी पेठेत ब्राह्मी बाकावर उभी राहून जमाखर्च वाचायची आणि तिचा बाप गर्दीत उभा राहून शेजाऱ्याला सांगायचा, "ही आमची." बोरगावच्या स्थळाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सोमवारची सकाळ. मी वखार उघडली आणि वर्षानुवर्षांची तंबाखूची धूळ नाकात गेली. बाराखडी कुठली! एकोणीस मुली, मी आणि फळा पुसायला आलेली चंपाआत्या, सगळ्या नुसत्या शिंकत होतो. शिंकता शिंकता हसत होतो. तेवढ्यात दारात ज्योतिबा आला. त्याच्यामागं पदराएवढं फडकं डोक्यावर घेतलेली त्याची मुलगी मालू.

"बाई, हिचं नाव लिवा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "लिहिते. पण आजवर कधी आणलं नाहीत ते?"

"आजवर मला काय ठावं, शाळा कुणाची हाय ते?" त्यानं पोरीला पुढं ढकललं. "माझं पैसं हितं बसल्यात, आन् पोरगी घरात?"

मालू उंबरा ओलांडून आत आली आणि पहिल्याच पावलाला शिंकली.