शिवणीपासून शिवणीपर्यंत

गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण गिऱ्हाइकाची एक अट होती. आत कसलाही वास नको.

"कसलाही म्हणजे कसलाही," शिवणवाल्या ताई बुधवारी म्हणाल्या होत्या. त्या शिवणाचे वर्ग घेत. "घाणीचा तर नकोच, पण अत्तराचाही नको. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचंय, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांना मळमळतं. परवाच्या टॅक्सीत लिंबाच्या वासाचा पुठ्ठा लटकत होता, तर बाई अर्ध्या रस्त्यात उतरून चालायला लागल्या. शनिवारी अकराला आणते त्यांना. त्या बरं म्हणाल्या तर बरं."

तिने मान डोलावली. गाडी तिच्या बाबांची होती. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते आणि तेवढे दिवस गाडी पार्किंगमध्ये जागची हलली नव्हती. चाकं ब्रेकच्या पुडीने काळी पडली होती, आणि दार उघडलं की ओल्या पोत्यासारखा कुबट वास अंगावर येत होता.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो दूर दुसऱ्या शहरात असायचा आणि सगळी कामं तिथूनच उरकायचा.

"रविवारपर्यंत नाही गेली तर दलाल उचलून नेईल. बोलून ठेवलंय मी."

"तो काय करणार तिचं?"

"सुटे भाग करून विकणार. एवढ्या जुन्या गाडीचं दुसरं काय करतात? चिमे, तू फार विचार करतेस."

"विचार नाही करत. धुणार आहे मी ती."

"तू?" दादा मनापासून हसला. "तू विसळलेली कपबशी बाबा पुन्हा धुवायचे."

खोटं नव्हतं ते. ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती. पुस्तकांवरची धूळ सोडली तर कुठल्याच मळाशी तिचा कधी संबंध आला नव्हता. पण गाडीचे तुकडे झालेले आपल्याला सोसणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. एका आजारी बाईला नेण्याआणण्यासाठी ती जावी, हेही कळत होतं. का, ते ती स्वतःला विचारत नव्हती.

गुरुवारी दुपारी तिने गॅलरीतलं बाबांचं कपाट उघडलं. बाबा तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होताना शाळेने त्यांना घड्याळ दिलं, आणि सवयी त्यांनी स्वतःच बरोबर आणल्या. साफसफाईची सगळी रसायनं ते मोठ्या डब्यांतून आणायचे आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचे. चिठ्ठी एकीवरही नाही. ओल्या हाताला चिठ्ठी टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं. चिठ्ठीऐवजी बाटलीच्या गळ्यात रबरबँड.

सीटचा शाम्पू तिने वासावरून ओळखला. चाकांचं औषध हिरवट होतं, तेही आठवत होतं. पण हिरवट बाटल्या निघाल्या तीन. एकीला एक रबरबँड, दुसरीला दोन, तिसरीला चार. तिने डोकं चालवलं. तिखटाच्या पाकिटावर मिरच्या काढलेल्या असतात, तसंच असणार. एक म्हणजे सौम्य, चार म्हणजे जहाल. आपण नवशिक्या आहोत, झेपेल तेवढंच घ्यावं, म्हणून तिने एकची बाटली उचलली.

पार्किंगमध्ये अंधुक होतं, म्हणून गाडी बाहेर उन्हात काढली. सगळं खाली न्यायच्या आधी गाडीनेच वाणसामानाच्या दुकानापर्यंत चक्कर मारून आली, तेवढीच इंजिनाला हालचाल. मग पहिल्या चाकावर औषध शिंपडलं आणि लक्षात आलं की ब्रश वरच राहिला. तीन मजले, लिफ्ट नाही. ती धापा टाकत परत आली तोवर औषध चाकावर वाळून गेलं होतं. तिने पाणी मारलं. काळं गेलं आणि त्या जागी पांढरे चट्टे उमटले, नासलेल्या दुधासारखे. तिने घासलं, पुसलं, पुन्हा पाणी मारलं. चट्टे जागचे हलेनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाडीच्या सामानाचं दुकान चार गल्ल्या सोडून होतं. दुकानदाराला बाबा प्रोफेसर म्हणायचे, कारण साधा ब्रश मागितला तरी तो आधी ब्रशाच्या केसांवर व्याख्यान द्यायचा. तिने बाटली काउंटरवर ठेवली. प्रोफेसरांनी चष्मा वर केला, रबरबँड बघितला आणि कपाळाला हात लावला.

"ही थेट लावलीत?"

"मला वाटलं एक म्हणजे सौम्य."

"अहो, रबरबँड म्हणजे पाणी! औषध एक भाग, आणि जितके रबरबँड तितके भाग पाणी आधीच मिसळलेलं. चारची बाटली लेकराच्या अंगाला लावली तरी चालेल. ही म्हणजे जवळजवळ अ‍ॅसिड. चाक तरी थंड होतं ना?"

"फिरवून आणली होती. मग उन्हात."

"उन्हात!" काउंटरच्या कडेला एक स्टूल होतं. प्रोफेसर त्या रिकाम्या स्टुलाकडे वळून म्हणाले, "ऐकलंत का, तुमची मुलगी काय म्हणते..." मग उगाचच समोरचे डबे सरळ लावत बसले.

"चट्टे जातील का?" तिने विचारलं.

"नाही जायचे. खोटं कशाला सांगू? बाकीची तीन चाकं वाचवा. सावलीत, हात लावून थंड लागली की मगच. साधा शाम्पू, मऊ ब्रश. चाकं आधी, गाडीचं अंग नंतर. आणि चाकाची बादली वेगळी, फडका वेगळा. चाकाचा फडका अंगाला लावलात तर ती पूड रंगावर रेघोट्या ओढते."

"आणि आत? आत कुबट वास येतो."

"मागच्या सीटला? डाव्या अंगाला?"

ती बघतच राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"आले होते ना तुमचे बाबा. जायच्या महिनाभर आधी असेल. उलटीचा डाग कशाने जातो, विचारत होते. मी म्हटलं, मुलीला पाठवा, तिला नीट समजावून सांगतो. तर म्हणाले, छे, तिला कळायच्या आत काढायचाय." प्रोफेसरांनी फेसाचा डबा काढून समोर ठेवला. "हाच दिला होता. शंभरदा बजावलं, चोळू नका, टिपा. पाणी ओतू नका. पण माझं ऐकतील तर ते कसले! बादलीच ओतली असणार. आतला फोम भिजला की वास तिथे घर करतो."

तिने डबा पिशवीत टाकला, आभार मानले आणि बाहेर पडली. दोन गल्ल्या चालल्यावर एका बंद शटरसमोर जरा थांबली.

तो दिवस तिला आठवत होता. दवाखान्यातून परतताना, सिग्नलच्या रांगेत, मागे बाबांना उलटी झाली होती. तिने मान न वळवता म्हटलं होतं, "बाबा, निदान आधी सांगायचं तरी! आता ही सीट कोण धुणार?" जिना चढून आल्यावर बाबा, परक्या माणसाला म्हणावं तसं, "तुला त्रास झाला" एवढंच म्हणाले. पुढे डागाचं काय झालं ते तिने कधी विचारलं नाही. आता ती हिशेब करत होती. त्या दिवसांत बाबांना भिंत धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हतं. म्हणजे एखाद्या सुट्टीच्या दुपारी ती झोपलेली असताना ते तीन मजले उतरले असणार, चार गल्ल्या चालले असणार, परत येऊन पाणी घेऊन खाली बसले असणार. आणि पुन्हा तीन मजले.

हे दादाला सांगावं म्हणून तिने फोन काढला. दादा म्हणाला असता, चिमे, तू फार विचार करतेस. तिने फोन परत ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती सीटला भिडली. आधी व्हॅक्यूम. सीटच्या फटीत दोन टाचण्या निघाल्या आणि वाळू. आणखी काही सापडावं अशी आपली इच्छा होती, हे तिला फट रिकामी झाल्यावर कळलं. मग फेस. प्रोफेसरांनी फोनवर पुन्हा सगळा धडा दिला होता. डागापुरतं पुसलंत तर कडेने वलय उमटेल, त्यामुळे डागाकडे बघायचंच नाही. या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत आख्खा तुकडा घ्यायचा. फेस थोडा, ब्रश हलका, मग टिपायचं. तिने टिपलं. टॉवेल पिवळा झाला, मग करडा, मग कुठे पांढरा राहू लागला. तिने घरातला पंखा खाली आणला, लांब वायर जोडून सीटवर रोखला, आणि वर जाऊन कालची खिचडी उभ्या उभ्या खाल्ली.

तीन वाजता खाली आली तर डाग परत आला होता. तिथेच, तेवढाच.

"येणारच," फोनवर प्रोफेसर म्हणाले. त्यांच्या आवाजात उत्साह होता. "सीट वरून वाळते तसं फोममधलं पाणी वर चढतं आणि मळ बरोबर आणतं. येऊ द्या. फक्त कापडावर नको, टॉवेलवर येऊ द्या. कोरडा टॉवेल, त्यावर चांगलं वजन. तासाने टॉवेल बदला. वजन आहे ना घरी?"

वजन होतं. शब्दकोशाचे तीन खंड. तिने ते खाली आणून टॉवेलवर मांडले आणि स्वतः पुढच्या सीटवर, दार उघडं ठेवून, बसून राहिली. दर तासाला मागे जायची, खंड उचलायची, टॉवेल बघायची. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भाजी घेऊन आले, वाकून आत बघून म्हणाले, "गाडीत वाचनालय काढलंत की काय?"

"फिरतं वाचनालय," ती म्हणाली. "फक्त फिरत नाही."

ते हसून निघून गेले. त्या दिवशी तिच्याशी समोरासमोर बोललेलं ते एकटंच माणूस. चौथा टॉवेल कोरडा आणि पांढरा निघाला तेव्हा सात वाजले होते. तिने नाक सीटला टेकवून श्वास घेतला. कापडाचा वास, बस. दुसरा कुणाचाच नाही. ते ठीक होतं. तेच तर करायचं होतं.

शनिवारी अकराला पाच कमी असताना शिवणवाल्या ताई आल्या. सासूबाई त्यांच्या दंडाला धरून चालत होत्या, लहानखुऱ्या, आणि कपाळाला आठी.

"या चाकाला काय झालंय?" ताईंनी आल्या आल्या पकडलं.

"चूक माझी. जहाल औषध लावलं मी. ते डाग जायचे नाहीत."

"बाकीची तीन तर आरशासारखी आहेत." ताई मागच्या दारातून आत वाकल्या. सीटचं कापड दोन बोटांत धरून त्यांनी सावकाश चोळलं. डावीकडे त्यांची बोटं थांबली. "इथे काहीतरी होतं."

नाही म्हणता आलं असतं. दिसत काहीच नव्हतं.

"होतं," ती म्हणाली. "बाबांना उलटी झाली होती. वासही बसला होता. काल काढला."

"शिवणीपर्यंत घेतलंत म्हणून वलय नाही आलं. मी मुलींना हेच सांगून सांगून थकते, पण..."

"तुमचं कापड नंतर बघा गं," सासूबाई मागून म्हणाल्या. "मला बसू द्या आधी."

त्या बसल्या. डाव्याच बाजूला. दार लावून घेतलं आणि डोळे मिटले. दोघी बाहेर उभ्या राहिल्या. काचेतून त्यांच्या नाकपुड्या हललेल्या दिसत होत्या. एक मिनिट गेलं असेल. मग काच खाली आली.

"वास नाही," त्या म्हणाल्या, तक्रारीची जागाच कुणी काढून घेतल्यासारख्या. "मग आता कशाची वाट बघतेस? चल की घरी."

ताईंचा जीव भांड्यात पडला. कागद दादाने आधीच पाठवून दिले होते, सह्या बॉनेटवरच झाल्या. किल्ली घेताना ताईंनी आवाज खाली आणला. "आणि यांनाही कधी झाली उलटी, तर काय करू?"

"मी काय रोज करते का?" आतून आवाज आला.

"यांचे कान तेवढे शाबूत आहेत," ताई पुटपुटल्या.

"चोळू नका," ती म्हणाली. "टिपा. पाणी ओतू नका. कोरडा टॉवेल ठेवा आणि वर वजन." ती थांबली. ताई आणखी काहीतरी ऐकायला थांबल्या होत्या. "आणि त्या वेळी त्यांना काही बोलू नका. सीटचं नंतर होतं काहीतरी."

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या.

गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. ती वर आली, हात धुतले, आणि दिवसभर कुणाचा फोन आला नाही.

बाबा गेल्यापासून काढलेली तिची रजा सोमवारी संपली. ती नेहमीच्या वेळेला खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. बाकावर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"कॉलेजकडे कुठली बस जाते हो?"

"एक्केचाळीस. पण ती इथे नाही मिळत, समोरून मिळते. नवीन राहायला आलात वाटतं?"

अडतीस वर्षं ती याच गल्लीत राहत होती. "नाही," ती म्हणाली. "इथलीच आहे. आमच्याकडे गाडी होती. वडील गेले माझे."

बाईने डबा बाजूला ठेवला. समोर वळणावर बस दिसली तशी बाई घाईने उठली, हात दाखवून रहदारी थांबवली आणि म्हणाली, "पळा, पळा, ही गेली तर अर्धा तास नाही!"

ती पळाली. पायरीवर पाय ठेवला तेव्हा रस्त्यापलीकडून बाईचा आवाज आला, "उजवीकडे बसा हो! डावीकडे ऊन लागतं!"

उजवीकडे एक जागा रिकामी होती. ती तिथे बसली.