सातवा थेंब

खार दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्या डाव्या हातावर निळ्या शाईचे आठ आकडे होते, प्रत्येक आकड्याशेजारी सुईची एक टोच, आणि कोपराच्या खोबणीत खाजवून धरलेल्या अकरा खपल्या. फुगवटा एकही नव्हता.

खार म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी, वय नऊ. चार वर्षांची असल्यापासून सारखी कराकरा खाजवते म्हणून हे नाव. गेल्या वर्षापासून सकाळी उठली की तिच्या छातीतून शिट्टी वाजते.

"झालं समाधान?" भावोजींनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "आठ टोचण्या, आठ शून्यं. ॲलर्जी नाही न काही नाही. उद्यापासून तो दम्याचा पंप बंद. सवय लागलीय नुसती. शाळेच्या वेळेलाच बरी हिची छाती भरते!"

"ती गादीवरून उठते तेव्हा भरते, भावोजी. शाळा त्यानंतर असते."

"तू चार बुकं जास्त शिकलीस म्हणून..."

"पाच," खार म्हणाली. "मावशीची कपाटात पाच आहेत."

कुणी हसलं नाही. ताई शिलाई मशीनवर मान खाली घालून अभ्रा शिवत राहिली.

महिनाभर मी घसा कोरडा करून सांगत होते. आपल्या अंगाची कातडी रोज झडते, गादीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, ती खातात, त्यांची विष्ठा धुळीत मिसळते. तीच धूळ श्वासातून आत जाते आणि फाटक्या कातडीतूनही. खाज आणि दमा हे दोन आजार म्हणून बघू नका. यावर भावोजींचं एकच उत्तर असायचं, "किडे? माझ्या घरात?" जणू मी त्यांना आंघोळ न करणारा म्हटलं होतं.

मी रिपोर्ट ओढून घेतला. पहिले सहा थेंब संशयितांचे होते, त्यात सहावा माइटचा. आठवा नुसत्या मिठाच्या पाण्याचा. सातवा हिस्टामिनचा. हिस्टामिन कुणाच्याही कातडीत टोचलं तरी गांध उठतेच. चाचणी चालते आहे की नाही हे कळावं एवढ्यासाठीच ते टोचतात.

सातव्यापुढे शून्य होतं. आणि त्याखाली कुणीतरी बेधडक 'निगेटिव्ह' असा शिक्का मारला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथल्या तिथे मी दवाखान्यात फोन लावला.

"सातवा शून्य आलाय, दिसलं नाही तुम्हाला?"

"गर्दी होती हो, मॅडम," टेक्निशियन म्हणाला.

"गर्दी तुमच्या डोळ्यांत होती का? आधी ॲलर्जीची गोळी चालू आहे का, एवढं तरी विचारलंत? ती चालू असली की गांध उठतच नाही."

कागद चाळल्याचा आवाज आला. "विचारलंय. गेल्या सात दिवसांत गोळी घेतली का? 'नाही'वर खूण आहे. खाली आईची सही."

मी फोन ठेवला. भावोजी खुर्चीत रेलून माझी मजा बघत होते. ते वजनमापं खात्यात आहेत. दुकानांतले काटे तपासणं हे त्यांचं काम.

"भावोजी, तुम्ही काट्यावर तुमचं पाच किलोचं वजन ठेवलंत आणि काटा शून्यावरून हललाच नाही. मग त्याच काट्यावर दुकानदाराने गोणी ठेवली आणि म्हणाला, बघा साहेब, गोणी रिकामी. तुम्ही काय कराल?"

"काटा सील करीन. आणि त्याला चांगला फैलावर घेईन."

"मग हा बघा." मी सातव्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे तुमचं पाच किलो."

त्यांनी चष्मा लावला. रिपोर्ट दोनदा वाचला. मग आवाज चढवून म्हणाले, "काटा बिघडवला कुणी?"

मशीन थांबलं. ताईने खालचा खण उघडला आणि बॉबिनच्या डबीखालून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहातल्या तीन उरल्या होत्या. पट्टीच्या पाठीवर पेनाने लिहिलं होतं : रोज रात्री अर्धी. अक्षर माझं होतं.

"तिची खाज बघवत नव्हती," ताई म्हणाली. "तूच म्हणालीस, यांना सांगू नकोस, उगाच आरडाओरडा करतील. आणि फॉर्म भरताना हे माझ्या शेजारी उभे. काय लिहायला हवं होतं मी? बोल ना, शास्त्रज्ञ!"

"मला विचारायचं तरी!"

"तू सांगायचंस! शिकलीयस तू!"

 टेक्निशियनला झापताना वापरलेले सगळे शब्द मलाच लागू होते. भावोजींनी पट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि खिशात घातली.

"पंप?" मी विचारलं.

"दुसऱ्या मोजणीपर्यंत चालू," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

सात दिवस गोळी बंद ठेवली. खार रात्रंदिवस खाजवत होती. ताईने तिच्या हातांवर जुने मोजे चढवले आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आठव्या दिवशी पुन्हा आठ थेंब, आठ टोचण्या. पंधरा मिनिटांनी टेक्निशियनने पारदर्शक मोजपट्टी लावली तेव्हा भावोजी त्याच्या खांद्यावरून वाकले होते.

मिठाचं पाणी, शून्य. हिस्टामिन, पाच मिलिमीटरची गांध. माइट, नऊ मिलिमीटर.