पोळ्याच्या रांगेतली अँबॅसिडर

मी एक जुनी अँबॅसिडर मोटार आहे. जुनी म्हणा, मला राग नाही. म्हातारी म्हणा, तेही चालेल. पण माझ्यासमोर 'भंगार' हा शब्द काढाल, तर मित्रांनो, माझा हॉर्न अजून शाबूत आहे हे ध्यानात ठेवा.

माझा जन्म बंगालमधल्या कारखान्यात झाला. जाड पत्रा, गोल दिवे आणि सोफ्यासारखी सीट घेऊन मी जगात आले. आजकालच्या गाड्यांना कुणाचं कोपर लागलं तरी पोचा पडतो. माझ्या बोनेटवर एकदा अख्खा बोकड चढून बसला होता. उतरताना त्याचाच पाय मुरगळला. सुरुवातीला मी यवतमाळच्या एका डॉक्टरांकडे होते. पुढे किसनसिंगांनी मला विकत घेतलं आणि फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यावर आणलं.

किसनसिंगांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. ते हिंडणं केव्हाच संपलं, तांडा शेतीला लागला. पण ओझं वाहणाऱ्याचा मान ठेवायचा, ही रीत त्या घरात राहिली. आणि मी ओझं काही कमी वाहिलं नाही! पोहरादेवीच्या यात्रेला माणसं नेली, हळदीची पोती नेली, नवरदेव नेले. एकदा अडलेल्या बाळंतिणीला घेऊन मी चिखलातून महागाव गाठलं, तेव्हा एक नवीकोरी जीप वाटेत रुतून बसली होती. ही फुशारकी आहे, हे मला कळतं. पण खऱ्या गोष्टीची फुशारकी का मारू नये?

त्या घरचा शेवटचा बैल म्हणजे बादल. तो म्हातारा होऊन गेला आणि किसनसिंगांच्या मुलाने, शामने, ट्रॅक्टर घेतला. त्या वर्षी पोळ्याला सगळ्या तांड्याचे बैल तोरणाखाली रांगेत उभे राहिले आणि किसनसिंगांची जागा तेवढी रिकामी. त्यांना ते बघवेना. ते घरी आले, बादलची घुंगरमाळ माझ्या बोनेटला बांधली आणि मला नेऊन त्या जागेवर उभं केलं. लोक पोट धरधरून हसले. पुढच्या वर्षी कमी हसले. मग रांगेत माझी जागा ठरूनच गेली.

तेव्हापासून किसनसिंग मलाही 'बादल' म्हणू लागले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे आणि त्यांना आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" किसनसिंग तुपाची वाटी घेऊन माझ्याकडेही यायचे. आता मोटारीला कुठला आलाय खांदा! पण त्यांनी माझाही खांदा शोधून काढला होता. तो कुठला, ते तुम्हांला पुढे कळेलच. एवढंच सांगते, की दरवर्षी पोळा झाला की माझ्या डॅशबोर्डात मुंग्यांची रांग लागायची आणि कुणालाच कारण उमगायचं नाही.

यंदा पोळा तोंडावर आला असताना ती गोष्ट घडली. दोन दिवस झड लागून मी गारठले होते. अशा वेळी मला चोक लागतो. डॅशबोर्डावरचं बटण बाहेर ओढलं, की त्याला जोडलेली तार इंजिनापर्यंत ओढली जाते, इंजिनाला जादा पेट्रोल मिळतं आणि मी जागी होते. शाम मला सुरू करायला बसला. बटण काही हलेना. त्याने जोर लावला. कट्ट! बटण तुटक्या तारेसह त्याच्या हातात आलं.

"तोडली नं?" ओसरीवरून किसनसिंग ओरडले. "ट्रॅक्टरवाला हात हाय तुहा! माह्या बादलची नस तोडली!"

"बा, मी कायले तोडू? सडली हे गाडी!" शामही चिडला. "निस्ती जागा अडवून राह्यली. पुसदचा भंगारवाला कधीचा मांगून राह्यला. करीच्या दिवशी बलावतो त्याले. मारबतीसंगं हेही जाऊ दे!"

मित्रांनो, कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे पोरं "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत रोगराई गावाबाहेर घालवतात. आणि शाम मला त्या रोगराईत धरत होता! ज्याला मी शाळेत सोडलं, ज्याची वरात मी नेली, तो! माझं इंजिन गार होतं, पण माझं पित्त खवळलं.

किसनसिंग ओसरीवरून उतरून माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "पोळ्याले ते आपल्या पायानं तोरणाखाली गेली, त घरी राहीन. ढकलत न्या लागली, त देऊन टाक. ढकलून नेलेला बैल रांगेत शोभत नाई."

"बोललं ते बोललं, बा," शाम म्हणाला.

म्हणजे माझा जीव आता एका तारेवर आला होता, आणि ती तार तुटलेली होती.

खांदमळणीच्या दिवशी फुलसावंगीहून उकंडा मिस्त्री आला. माझी मूळ केबल आता कुठे मिळत नाही, म्हणून त्याने मालवाहू ऑटोची लांब केबल आणली होती. "ओढाचं काम तार करते, मांगं न्याले स्प्रिंग हायेच," असं म्हणत तो माझ्या डॅशबोर्डाखाली उताणा शिरला. ऑटोची तार माझ्या अंगात! मला जरा कमीपणा वाटला, पण म्हटलं, जगायचं तर हेही करू.

उकंडाने जुनी केबल हिसके देऊन बाहेर काढली. तिच्या नळीत काळंपिवळं, चिकट काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि तो उठून बसला.

"किसनभाऊ, हे ग्रीस नाई. तूप हाय. अन् हळद. याच्यानंच जाम होऊन तार तुटली."

किसनसिंगांच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली. चोकचं बटण, तोच त्यांना सापडलेला माझा खांदा, मित्रांनो! मला जागं करणारी जागा तीच, म्हणून ते दरवर्षी चोकच्या बटणाच्या फटीत मायेने तूप सोडत होते. तूप आत उतरायचं, धुळीत मिसळायचं, घट्ट व्हायचं. पुढच्या वर्षी वर आणखी एक वाटी.

"तरीच म्हटलं, दर साली पोळ्याले माहं तूप कमी कसं पडते!" मानीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. त्या किसनसिंगांच्या मंडळी. त्यांच्या तुपावर मी इतकी वर्षं पोसले गेले होते, हे त्यांनाही आजच कळत होतं.

किसनसिंग मात्र हसले नाहीत. "पोरा, तुले उगीच बोललो," ते शामला म्हणाले. "मीच मारली रे माह्या बादलले."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, मी मेलेले नाही! आणि बादलही नाही! बादल गेला, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण मला तूप पचत नाही.

शामने रॉकेलचं फडकं घेतलं आणि उकंडाच्या शेजारी बसून माझ्या डॅशबोर्डाखालचं तूप पुसू लागला. बराच वेळ पुसत होता.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल सजून निघाले. किसनसिंगांनी किल्ली शामला दिली. "तूच बस. मले नाई होत."

शामने नवी तार हळू ओढली. किल्ली फिरवली. मी खोकले आणि बंद पडले. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बैलांच्या झुली, घुंगरं, सगळा तांडा थांबून बघत होता. शेजारचा सेवादास पुढे सरसावला. "चला रे, ढकला हिले! मुहूर्त चाल्ला!" चार-पाच हात माझ्या पाठीला लागले.

शामने दार उघडून अर्धं अंग बाहेर काढलं आणि तो गरजला, "हात नका लावू कोनी! जाईन ते! आपल्या पायानं जाईन!"

सगळे हात मागे झाले. मित्रांनो, त्या क्षणी सुरू झाले नसते, तर मीच आपल्या पायाने भंगारात गेले असते. शामने तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि मी अशी गरजले, की सेवादासचा गोऱ्हा कासरा तोडून पळाला! घुंगरमाळ वाजवत मी तोरणाखाली गेले आणि माझ्या जागेवर उभी राहिले. किसनसिंग शेजारी उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलं नाही.

करीच्या सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर झाला. रस्त्यावर पोरं मारबतीच्या नावाने ओरडत होती. शामने जुनी, तुपाने माखलेली केबल आणून त्याच्या टेम्पोत टाकली. "हे घेऊन जाय," तो म्हणाला. "बाकीची घरी राह्यते."

मित्रांनो, आम्हां जुन्यांवर माया जरूर करा. पण आम्हांला काय हवं ते आधी बोनेट उघडून बघा. तूप पुरणपोळीवर वाढा. मला दोन थेंब ऑइल पुरे. आणि गारठ्याच्या दिवशी मला उठवायला आलात, तर ढकलू नका. चोक हळू ओढा आणि थोडं थांबा. मी सुरू होते.