चिमणाबाईची कौलं

‘महायुद्धानंतरच्या जर्मन कथेतील नीती आणि धर्म’ हा माझा आवडता विषय. चर्चासत्रात मी त्यावर बोलायला उभी राहिले की जेवून आलेले प्राध्यापक खुशाल डुलक्या काढत. म्हणून २००३ साली कळंब्याच्या तुरुंगात दर शनिवारी गोष्टी सांगायला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. निदान इथले श्रोते मधेच उठून जाणार नव्हते.

एका शनिवारी मी एका जर्मन माणसाची गोष्ट सांगितली. युद्धाच्या काळात तो शेजाऱ्याचं नाव पोलिसांना सांगतो आणि शेजारी मारला जातो. युद्ध संपल्यावर हा त्याच्या विधवेच्या फुटक्या छपरावर चढतो, न विचारता दुरुस्ती करू लागतो. ती बाहेर येते, त्याला ओळखते आणि शिडीपाशी उभी राहते. गोष्ट तिथंच संपते.

“तिनं माफ केलं का न्हाय?” हंबीररावानं विचारलं. हा राधानगरीकडचा. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या डोक्यात कुदळ घालून आला होता, जन्मठेप होती. इतक्या वर्षांत त्यानं घरी जाऊन यायची रजा एकदाही मागितली नव्हती. गावात भावजय होती, चिमणाबाई. तिच्यापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

“लेखकानं सांगितलेलं नाही,” मी म्हटलं.

“मग कसला लेखक? अर्धीच गोष्ट.”

रोज भजन म्हणणारा जोतीराम म्हणाला, “देवाला शरण गेलं की फिटतंय सगळं.”

शिलाईकाम करणारे फक्रुद्दीनचाचा मान हलवत म्हणाले, “देवाचा गुन्हा देव माफ करंल. माणसाचा गुन्हा त्या माणसानंच माफ कराय लागतोय. त्यात अल्ला बी मधी पडत न्हाय.”

हंबीरराव भिंतीकडं तोंड करून बसला. मला वाटलं, रागावला.

मे महिन्यात तो दिसला नाही. रजेवर गेला होता. परत आला तो तळहात सोलवटून, आणि त्या शनिवारी मला खाली बसवून तोच गोष्ट सांगायला उभा राहिला.

“सकाळीच चढलो तिच्या घरावर. आमच्याकडं पावसाआधी दरसाल कौलं शाकारत्यात, फुटकी काढून चांगली बसवत्यात. भाऊ गेल्यापासनं तिची कोण शाकारणार? घर गळत हुतं. ती भाईर आली, वर बघितलं आणि गप शिडी काढून न्हेली.”

माझ्या जर्मन लेखकाला हे सुचलं नव्हतं.

“दिसभर उन्हात वर. पाणी मागायला बी त्वांड न्हवतं. समदी कौलं फिरवली. दिस मावळताना तिनं शिडी आणून लावली. उतरलो, पाया पडाय गेलो, तर मागं सरली.”

“काय बोलली का?” चाचांनी विचारलं.

“म्हणाली, कौलं दरसाल हलत्यात. फुडच्या वरसाला कोण चढणार?”

“म्हंजे माफ केलं की,” जोतीराम म्हणाला.

“न्हाय,” चाचा म्हणाले. “कामाला लावलंय.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हंबीरराव माझ्याकडं वळला.

“मॅडम, फुडच्या रजेचा अर्ज आत्ताच लिवून ठिवूया का?”