तेवीस गुण

डोळे मिटून, कमरेवर हात ठेवून क्लेटन हुडेमा एका पायावर उभा होता. पायांत नुसते मोजे होते. संघाची दुखणीखुपणी पाहणारा वेंडल घड्याळाकडे बघत तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत होता. भिंतीपलीकडे बर्फाच्या मैदानावर आइस हॉकी संघाचा सकाळचा सराव संपत आला होता. मधूनच पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कठड्यावर आदळल्याचा आवाज येई आणि प्रत्येक आवाजासरशी हुडेमाच्या पापण्या थरथरत.

"टेक पाय," वेंडल म्हणाला. "आता महिने. उलटे."

"किती वर्षं हेच विचारतोयस, म्हातारबा. एखादं नवीन काढ की."

"नवीन काढलं तर आठवड्याभरात तेही पाठ कराल तुम्ही. बोल."

हुडेमा खुर्चीत बसला.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी."

एका दमात झालं. कुठे अडखळला नाही. वेंडलने कागदावर काहीतरी खूण केली.

"मघाशी पाच शब्द दिले होते. सांग."

"काकडी, उशी, खिळा, विहीर, टोपी."

"बरं," वेंडल म्हणाला आणि चष्मा कपाळावर सरकवून बेरीज करू लागला.

शनिवारच्या सामन्यात गोलच्या मागे पक काढायला हुडेमा खाली वाकला आणि समोरच्याचा खांदा सरळ त्याच्या कानशिलावर बसला. तो आपला आपण उठला. पाणी मागितलं, प्यायला. पण पुढच्या पाळीनंतर तो परतला तो समोरच्या संघाच्या बाकाकडे. प्रेक्षक हसले, तोही हसला. वेंडल मात्र हसला नाही. त्याने त्याला तिथूनच कपडे बदलायला पाठवलं. त्याच्या जागी चौथ्या फळीत रेमी आला, खालच्या संघातून बोलावून घेतलेला वीस वर्षांचा पोरगा.

आज संध्याकाळी बाद फेरी सुरू होत होती. हुडेमाला चौतिसावं लागलं होतं आणि करार वसंतात संपत होता. या वयाचा आघाडीचा खेळाडू बाद फेरीत बाहेर बसला, की उन्हाळ्यात त्याचा फोन वाजत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सोळाव्या वर्षी घर सोडल्यापासून त्याने स्केट्स बांधण्यापलीकडे दुसरा धंदा केला नव्हता.

परीक्षेची मात्र त्याला धास्ती नव्हती. दर सप्टेंबरात, सराव शिबिराच्या पहिल्या आठवड्यात, सगळे धडधाकट असताना हीच परीक्षा घेतली जाई आणि गुण जपून ठेवले जात. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला, की परत तेच प्रश्न. गुण जुळले तर खेळ, नाही जुळले तर बस. म्हणून जुने खेळाडू नव्यांना बाहेरच्या बोळात गाठून सांगत, सप्टेंबरात शहाणपणा दाखवू नकोस. एखादा महिना गाळ, दोन शब्द विसर, पाय जरा लटपटू दे. मग खरंच डोकं बधिर झालं, तरी गुण जुळतात. हुडेमाला हे त्याच्या पहिल्या कप्तानाने शिकवलं होतं. त्याने पुढे पंचवीस-तीस पोरांना शिकवलं. गेल्या शिबिरात रेमीलाही.

आज त्याने सगळं मनापासून सांगितलं होतं. फार चांगले गुण पडले तर वेंडलला संशय येईल, एखादं मुद्दाम चुकावं का, असंही मध्येच त्याच्या मनात येऊन गेलं. पण उगाच कशाला, म्हणून त्याने ते सोडून दिलं.

"तेवीस," वेंडल म्हणाला. "सप्टेंबरातही तेवीसच. खेळ जा."

त्याने सही केली. हुडेमा बूट घालायला वाकला होता, तो तसाच थांबला.

"किती म्हणालास?"

"तेवीस. ऐकू येतंय ना? का कानाचीही परीक्षा घेऊ?"

"बघू जरा."

वेंडलने दोन्ही कागद त्याच्या पुढ्यात सरकवले. सप्टेंबरच्या कागदावर एप्रिलवर काट होती. ती त्याला आठवत होती. एप्रिल गाळताना त्याला हसू आवरलं नव्हतं. आजच्या कागदावर ऑगस्टवर काट होती, शेवटच्या दोन शब्दांवरही.

"ऑगस्ट मी म्हटला."

"नाही म्हटलास."

"आणि विहीर?"

"तलाव होता. टोपी नव्हतीच, मोजा होता." वेंडल कागद गोळा करू लागला. "एवढं काय मनाला लावून घेतोस? आकडा जुळला, पुष्कळ झालं. कोचला यादी पाठवायचीय मला. नीघ आता."

हुडेमा बोळात येऊन उभा राहिला. ओठ न हलवता त्याने महिने परत म्हणून पाहिले. सप्टेंबरनंतर तो जिथे थांबला, तिथे खरोखर काही राहिलंय असं त्याला वाटेना.

काल संध्याकाळी तो दूध घेऊन घरी आला होता. किल्ली फिरेना. थंडीने कुलूप आखडलं असेल, म्हणून त्याने हातमोजा काढून फुंकर घातली. तेवढ्यात आतून दार उघडलं. कडेवर मूल घेतलेली एक अनोळखी बाई समोर उभी. तीन वर्षांपूर्वी सोडलेलं भाड्याचं घर होतं ते. चुकलो, माफ करा, म्हणून तो परत फिरला. बर्फ पडलं की सगळे रस्ते सारखेच दिसतात, असं गाडीत त्याने स्वतःला मोठ्याने सांगितलं. बायकोला, ट्रिनाला, काही बोलला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत रेमी एकटाच होता. त्याची मोठी बॅग बाकावर उघडी पडली होती आणि तो ओले कपडे तिच्यात कोंबत होता.

"झालास ना पास, काका?" त्याने विचारलं. "तुझ्या चेहऱ्यावरूनच कळतंय. आमची वरात दीडच्या बसने परत खाली."

"झालो."

"होणारच. गुरू कोण आहे शेवटी." रेमी हसला. "सप्टेंबरात मी तीन शब्द विसरलो, माहितीये? वेंडलने मला विचारलं, शाळेत गेला होतास का रे? आता माझं डोकं भिंतीवर आपटलं तरी मी पासच."

हुडेमाने त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या हनुवटीवर परवाचे दोन टाके होते आणि त्यांचा त्याला अभिमान होता, हे लपत नव्हतं.

"तेव्हा तुला कळत होतं ना, कुठले तीन विसरलास ते?"

"म्हणजे काय! मुद्दामच विसरलो की. तूच तर सांगितलंस."

"हो. मीच सांगितलं."

हुडेमा बाकावर टेकला. त्याची सतरा नंबरची जर्सी, धुऊन, संध्याकाळसाठी खुंटीवर लावलेली होती. तिची बाही त्याने बोटांत धरली, जरा वेळ धरून ठेवली आणि सोडून दिली.

"बॅग भरू नकोस," तो म्हणाला.

"का? बस चुकेल माझी."

"चुकू दे."

"काका, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय रे. तेच तर." तो उठला. "आणि ते मी तुला शिकवलेलं, ते पुढच्या शिबिरात करू नकोस. दुसऱ्या कुणाला शिकवूही नकोस."

रेमीच्या हातातला ओला मोजा तसाच राहिला. या माणसाला थट्टा करताना त्याने शंभरदा पाहिलं होतं. ही थट्टा आहे की काय, ते त्याला ठरवता येईना.

वेंडल सँडविच खात होता. हुडेमाने आत येऊन दार लावून घेतलं.

"यादी गेली?"

"आत्ताच पाठवली. तुझं नाव आहे, काळजी करू नकोस."

"परत मागव."

 उरलेलं सँडविच वेंडलने कागदात गुंडाळलं, हात पुसले आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली. भिंतीपलीकडे आता कुणी खेळत नव्हतं. बर्फ सपाट करणारी गाडी संथपणे फिरत होती.

खुर्चीत बसायला हुडेमाला बराच वेळ लागला.