खंडेनवमीला थांबवलेला डबा

मित्रांनो, माझी देखभाल करणारा शेखर मला सर्व्हर म्हणतो, बाकी सगळे काळा डबा म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देतो. कल्याणच्या एका कचेरीने जुना झाला म्हणून मला काढलं आणि शहापुरात महामार्गालगतच्या या स्कॅन सेंटरने नवा म्हणून बसवलं.

इथे माणसाच्या डोक्याचे, मणक्याचे फोटो निघतात. ते थेट माझ्या पोटात येतात. कल्याणला बसलेले डॉक्टर ते माझ्याकडून मागून घेतात, वाचतात आणि काय झालंय ते फोनवर कळवतात. इथे वाचणारं कोणी नाही. भिंतीवर प्रमाणपत्रं मात्र आहेत.

माझी साफसफाई करायची तर शेखर आधी मला थांबवतो. मग मी कुणाचं काही घेत नाही, कुणाला काही देत नाही. पण ‘नाही’ही म्हणत नाही. मागणाऱ्याला वाटतं, येतंय. पुन्हा चालू केलं की अडलेलं सगळं आल्या क्रमाने पुरं करतो. या गुणाचं फार कौतुक व्हायचं. “याच्यात काय हरवत नाय,” शेखर सगळ्यांना सांगायचा. ते खरं आहे.

मग खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारं-यंत्रं पुसून पुजतात आणि दसरा उजाडेपर्यंत कामाला लावत नाहीत. सेंटरचे मालक शिकलेले. त्यांनी विचार केला, पेशंट कधीही येईल, तेव्हा फोटो काढणारं मोठं यंत्र पूजेतून वगळावं. वगळलं. पण काहीतरी तर पुजायला हवं. म्हणून मला पुजलं.

सकाळीच शेखरने धूळ पुसायला मला नुकतंच थांबवलं होतं. साहेबांनी हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, “आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही” म्हणाले आणि घरच्या पूजेला गेले.

दुपारी भगीरथला आणलं. भातराखणीच्या माळ्यावरून डुकरं हाकताना डोक्यावर पडला होता. चांगला बोलत होता. “डुकराला काय नाय झाला, मलाच लागला,” म्हणाला. फोटो काढणारी काजल हसली. त्याची बायको बाळी त्याची एक चप्पल हातात धरून उभी होती.

फोटो निघाले. काजलच्या पडद्यावर आलं, पाठवत आहे. कल्याणच्या डॉक्टरांच्या पडद्यावर आलं, येत आहे. मध्ये मी होतो, डोक्यावर फूल घेऊन.

“ताई, अजून किती टाइम?” बाळीने विचारलं.

“येतंय गो. बस जरा.”

भगीरथने पाणी मागितलं. थोड्या वेळाने पुन्हा मागितलं. मग मागेनासा झाला.

“ताई, ह्यो झोपतोय. दिवसाचा कधी झोपत नाय.”

काजल माझ्या खोलीत धावली. “शेखरदादा, डबा बंद हाय का रे?”

“बंद नाय, थांबवलाय. पूजा झालीय ना.”

“मग चालू कर की!”

शेखरच्या भावाने एका खंडेनवमीला पुजलेली भाताची गिरण चालवली होती आणि त्याचं बोट गेलं होतं. शेखर म्हणाला, “साहेबांना विचारतो.” त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. साहेब आरतीत होते. शेखर कानाला फोन लावून उभा राहिला. त्यालाही वाटत होतं, उचलतील.

बाळी दारात येऊन सगळं ऐकत होती. ती आत आली आणि माझ्यावरचं फूल तिने उचललं.

“पाप माझ्या माथी घाल, दादा. कर चालू.”

शेखरने केलं. मी कामाला लागलो, शिस्तीने. सकाळपासून अडलेले गुडघे आधी गेले. मग कुणाचा तरी मणका गेला. मग भगीरथचं डोकं. क्रम मोडायला मला कुणी शिकवलेलं नाही.

कल्याणहून लगेच फोन आला. “मेंदूत रक्त साचलंय! हे फोटो इतका वेळ होते कुठे? आत्ताच्या आत्ता हलवा त्याला!”

गाडीत चढवताना बाळी त्याला हाका मारत होती. भगीरथने हूं केलं नाही.

मित्रांनो, पुढचं मला ठाऊक नाही. जीव वाचलेल्या माणसाचे जुने फोटो डॉक्टर पुन्हा मागतात, नव्यांशी ताडून बघायला. यंत्राला जरूर विसावा द्या, पुसा, पुजा. पण थांबवलं असेल तर बाहेर बाकावर बसलेल्याला तेवढं सांगा. ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसरं दार शोधतो. ‘येतंय’ ऐकलेला बसून राहतो.

आता भातं कापून झाली. भगीरथचे फोटो माझ्याकडे नीट आहेत. अजून कुणी मागितलेले नाहीत.