पांढरा दिवा

बाबांचं तेरावं आटोपलं, पाहुणे पांगले, आणि सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुरुची आणि तिची आई सरोजिनीबाई अशा दोघीच उरल्या. सुरुचीला सकाळी बंगळूरला परतायचं होतं. त्याआधी आई इथे एकटी राहू शकेल की नाही, हे ठरवायचं होतं. करोनात गेलेली आईची वासाची जाणीव परत आली नव्हती, आणि हल्ली ती गॅसचं बटण अर्धवट फिरवून विसरायची.

"राहीन हो मी. केदारनं भोंगा बसवलाय की," आई म्हणाली.

केदार सुरुचीचा धाकटा भाऊ. बाबा दवाखान्यात होते तेव्हाच त्यानं सिलिंडरपाशी विकतचा गजर लावला होता. हिरवा म्हणजे ठीक, गॅस गळला की किंचाळणार. बाबांचं यंत्र भंगारात द्यायला त्यानं खोक्यात भरून ठेवलं होतं.

सुरुचीनं ते खोकं उघडलं.

बाबांनी तंत्रनिकेतनात तीस वर्षं शून्य आणि एक शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर उणे एक, शून्य आणि एक अशा तीन खुणांवर चालणारं यंत्र घरी बांधलं. "तीन घरांत दोन खुणांनी आठच आकडे मांडता येतात," ते जेवताना सांगत. "तीन खुणांनी सत्तावीस. उणे तेरापासून अधिक तेरापर्यंत, आणि उणेचं वेगळं चिन्ह नकोच."

"मग जगानं दोनच का घेतल्या?"

"चालू की बंद, हे ओळखायला अक्कल लागत नाही. मधलं सांभाळावं लागतं. ते सरकतं."

दर रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन ते मधलं जागेवर आणत.

आईसाठी त्यांनी त्या यंत्राला दोन सेन्सर जोडले होते. त्यांना ते नाकं म्हणत. एक जमिनीलगत, एक ओट्यावर. दोघांनी निर्वाळा दिला की हिरवा दिवा, दोघांना गॅस लागला की तांबडा. एकमत नसलं की पांढरा. पांढरा म्हणजे, मला सांगता येत नाही.

सुरुचीनं यंत्र ओट्यावर ठेवलं, बाबांसारखीच दोन्ही नाकं लावली आणि बटण दाबलं. पांढरा लागला. ती वाट पाहत राहिली. तो पांढराच राहिला.

तिनं केदारला फोन केला.

"ताई, चार रविवार त्याला कुणी हात लावलेला नाही. सरकलं असणार. स्क्रू फिरव, होईल हिरवा."

"आणि खरंच काही असलं तर?"

"तर माझा भोंगा बोंबलला असता. तो चर्चा करत बसत नाही. आहे तर आहे, नाही तर नाही." तो जरा थांबला. "डॉक्टरही तीन दिवस तेच सांगत होते. सांगता येत नाही. कंटाळलो गं मी त्या वाक्याला."

तीही कंटाळली होती. वास घेऊन पाहिला, पण नाक तेरा दिवस चोंदलेलंच होतं. सर्दी झालीय, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

तिनं स्क्रू फिरवला. पाव वळसाही लागला नाही. दिवा हिरवा झाला.

इतक्या सहज झाला, की तिचा हात तसाच राहिला.

आई देवापाशी दिवा लावायला आली. देव्हारा ओट्याच्या शेजारीच होता. तिनं वात सारखी केली, काडेपेटी उचलली. आणि सुरुचीला बाबांचं दर रविवारचं बोलणं आठवलं. पांढरा लागला की आधी खिडकी, मग स्क्रू.

"आई, थांब."

"अगं, तिन्हीसांज होऊन गेली."

"काडी ओढू नकोस!"

तिनं खिडकी ढकलली, खाली बसली. सिलिंडरमागे केदारचा गजर हिरवा, शांत होता. त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी होती, गळ्याशी रबरबँडनं घट्ट बांधलेली.

"फोडणी उडते गं त्याच्यावर," आई म्हणाली. "ह्यांच्या रिमोटलासुद्धा मीच घातलेली."

सुरुचीनं पिशवी फाडली. दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग तो किंचाळायला लागला.

रेग्युलेटर बंद करून तिनं आईला दंडाला धरून जिन्यात आणलं आणि पायरीवर बसवलं. रबरी नळी शेगडीपाशी तडकलेली तिनं आता पाहिली होती. आपण मघाशी याच खोलीत यंत्राचं बटण दाबलं, तेवढी ठिणगीही पुरली असती, हेही तिला आताच कळत होतं.

उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. खाली गजर ठणाणा करत होता, आणि ओट्यावर बाबांचं यंत्र तिनं लावलं तसं होतं.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही," आई म्हणाली. "ह्यांचा दिवा कुठला लागलाय?"

"हिरवा."

"मग काही नाही. ह्यांचं कधी चुकत नाही."

काडेपेटी मुठीत तशीच धरून आई उठायला लागली. सुरुचीनं तिचं मनगट पकडलं, आणि गजर थांबल्यावरही सोडलं नाही.